वापरातली खुर्ची

"मेलेल्या माणसाला एकटं सोडायचं नसतं, पोरी. आपण बसलो नाही तर दुसरं कुणीतरी येऊन बसतं. आणि ते एकदा बसलं की उठत नाही."

सिपोराबाईंनी हे सांगितलं तेव्हा वृंदा एका जुन्या काचेच्या दिव्यावरची धूळ पुसत होती. ती हसली.

म्हणाली, "आजी, आधी हा दिवा खाली ठेवू द्या. फुटला तर तुम्ही मलाच कायमची बसवाल."

त्या दिवशी विषय तिथंच संपला.

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावी, मला कुणाशी वाद घालायचा नाही. वृंदा माझी सख्खी थोरली बहीण, माझी अक्का. जे तिनं मला सांगितलं आणि जे मी डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच लिहिते. जागा संभाजीनगरची छावणी. वेळ गेल्या मार्गशीर्षातल्या एका शनिवारची, दिवेलागणीची.

छावणीत एका आडव्या गल्लीत सिपोराबाईंचं बैठं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांमध्ये त्यांनी छोटं संग्रहालय केलं होतं. आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, त्यांच्या वस्तूंचं. कोकणात त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. त्या घाण्याची लाकडी प्रतिकृती होती. छताला टांगायचे काचेचे दिवे होते. कापडावर जरीनं भरलेली हिब्रू अक्षरं, मराठीतली जुनी प्रार्थनेची पुस्तकं, लग्नातल्या हिरव्या बांगड्या. आणि भिंतभर फोटो.

अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर एकेक घर मुंबईला गेलं, तिथून इस्राएलला. सिपोराबाई तेवढ्या राहिल्या. मुलगा तिकडं, भाचा पुण्यात, आणि या नव्वदीला टेकलेल्या.

वृंदानं इतिहासात एम.ए. केलेलं. घर जवळच, पदमपुऱ्यात. जुई शाळेत जायला लागली तशी ती तिथं कामाला लागली. आलेल्या लोकांना माहिती सांगायची, वस्तू पुसायच्या, पाट्या लिहायच्या.

लोकही एकेक यायचे.

"आजी, तुम्ही पारशी का?" एका कॉलेजच्या पोरानं विचारलं होतं.

"नाही रे बाबा."

"मग ख्रिश्चन?"

"मी मराठी. बाकीचं आत जाऊन बघ, फुकट आहे. चपला बाहेर काढ पण."

शाळा सुटली की जुई तिथंच यायची. दाराच्या चौकटीला मेझुझा होता, म्हणजे आत प्रार्थनेची गुंडाळी असलेली छोटीशी डबी. येता-जाता तिला बोट लावून ते बोट ओठांना लावायचं. जुईचा हात पुरायचा नाही. ती उड्या मारायची आणि सिपोआजी, सिपोआजी म्हणून हाका मारायची. सिपोराबाई तिला उचलून घ्यायच्या, त्या वयात. मग पोह्यांचा गोड मलिदा. खोबरं, केळी घातलेला.

सगळं चांगलं होतं.

फक्त दोन गोष्टी वृंदाला खटकायच्या.

एक फोटो. रिबीन बांधलेली पाच-सहा वर्षांची मुलगी. सिपोराबाई भिंतीवरच्या प्रत्येकाची ओळख करून द्यायच्या, पण त्या मुलीशी आल्या की पुढं सरकायच्या.

एकदा वृंदानं विचारलंच, "ही कोण?"

"ती? ती झोपाळू होती," म्हणाल्या. आणि चहा टाकायला आत गेल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे कोपऱ्यातली वेताची खुर्ची. जुनी, हातांची, बसायची जागा गुळगुळीत झालेली. वृंदा तिच्यासाठी पाटी लिहायला बसली तर सिपोराबाई म्हणाल्या, "तिला पाटी नको. ती वापरातली आहे."

"कोण वापरतं?"

"घरात कुणी गेलं की त्याच्याजवळ या खुर्चीवर बसायचं. माती होईपर्यंत. पाळीपाळीनं, पण खुर्ची रिकामी ठेवायची नाही."

आणि परत तेच वाक्य. दुसरं कुणीतरी येऊन बसतं...

"हे तुमच्या धर्मात आहे का आजी?"

"बसायचं ते धर्मात आहे. दुसरं ते धर्मात नाही. ते माझ्या सासूनं सांगितलं." मग त्या म्हणाल्या, "मी गेले तर तू बसशील ना?"

"बसेन हो. तुम्ही शंभरी गाठणार, तोवर मीच म्हातारी होईन."

शंभरी काही गाठली नाही. मार्गशीर्षातल्या शुक्रवारी दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो रडत होता. म्हणाला, "वहिनी, सूर्य मावळला की शब्बाथ लागतो. शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत आम्हाला निघता येत नाही, माती देता येत नाही. तारे दिसले की लगेच गाडी काढतो. तोवर आत्याला एकटं ठेवू नका. तेवढं करा."

"करते," वृंदा म्हणाली.

शेजारच्या कमरुन्निसा खाला धावून आल्या. लहानपणापासून या घरात वावरलेल्या, त्यांना सगळं ठाऊक. त्यांनी आरसे झाकले. माठातलं पाणी ओतून टाकलं. त्यांच्या शफीकनं बर्फाच्या लाद्या आणल्या. सिपोराबाईंना पांढऱ्या चादरीनं झाकलं, उशाशी खोबरेल तेलाचा काचेचा दिवा लावला आणि शेजारी ती वेताची खुर्ची ओढून घेतली.

बसताना वेत करकरला.

रात्री खाला बसल्या. पहाटे वृंदा आली. शनिवारचा अख्खा दिवस दोघींनी आलटून पालटून काढला. दिव्यात तेल घालत राहिल्या. खुर्ची एकदाही रिकामी राहिली नाही. एक उठायची, तिच्या जागी दुसरी.

ऊन कलायला लागलं तशा खाला म्हणाल्या, "बेटा, मैं मगरिब की नमाज पढ के आती. जरा घरचं पण बघते. तू बैठ."

वृंदा एकटी उरली.

संग्रहालयाच्या त्या खोल्या तिच्या पाठ होत्या. तरी त्या संध्याकाळी तिला काहीतरी कमी वाटत होतं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं... बाहेरचा आवाजच येत नव्हता. रिक्षा नाही, पोरांचा ओरडा नाही. शनिवारची छावणी, आणि चिडीचूप.

तेवढ्यात घरून फोन आला. सासूबाई, सारजाबाई. पाचोडच्या, खणखणीत आवाजाच्या.

"येतीस का न्हाय तू? पोरीला लई ताप हाय. अंग चटके देतंय. आई आई करतीय, माझं काय बी ऐकंना."

"आत्या, खाला येऊ देत, लगेच निघते."

"मेलेलं माणूस कुठं पळून चाललंय का? जित्या लेकराकडं बघ आधी!"

मागं जुईचं रडणं ऐकू येत होतं.

तुम्ही काय केलं असतं? मी आई आहे. मीही तेच केलं असतं.

वृंदानं दारातून खालांना हाक मारली. उत्तर नाही. आकाशाकडं पाहिलं. अजून उजेड होता, एकही तारा नव्हता. घर इतकं जवळ. गाडीवर जायचं, औषध द्यायचं, यायचं.

ती वळून खुर्चीकडं बघत राहिली. खुर्ची रिकामी ठेवायची नाही...

आणि तिनं आपण सगळेच करतो ते केलं. एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना? तसं. पर्समधून रुमाल काढला आणि खुर्चीवर टाकला.

रुमाल जुईचा होता. शाळेच्या ड्रेसला पिनेनं लावायचा, कोपऱ्यात लाल दोऱ्याचं बदक भरलेला.

"आजी, जागा धरून ठेवलीय. आलेच," ती म्हणाली. दार ओढून घेतलं. निघाली.

घरी पोचली तर जुई शांत झोपलेली.

"आत्ता झोपली बघ," सासूबाई म्हणाल्या. "रडत व्हती, अन् एकदम गप झाली. जणू कुणी थोपटलं."

अंगाला हात लावला. ताप नव्हता.

वृंदा तशीच परत फिरली. दार तिनं ओढलं होतं तसंच होतं. ढकललं.

आत अंधार. दिवा विझलेला. तेल होतं, वात होती, वारा नव्हता.

खुर्ची तिथंच होती. पण रुमाल नव्हता.

खाली पाहिलं. पलंगाखाली पाहिलं. नाही.

उठताना तिनं खुर्चीच्या बैठकीवर हात टेकला...

बैठक गरम होती.

कुणीतरी बराच वेळ बसून असावं, तशी.

तेवढ्यात खाला आल्या. वृंदानं विचारलं, "खाला, तुम्ही मधी येऊन बसला होता का?"

"आई थी मैं. खिडकीतूनच पाहिलं. तू बैठी थी ना बेटा, पाठ करून. मेरे कू लगा, चलो, है वृंदा, म्हणून मी परत गेले. पोरांच्या भाकरी टाकल्या."

"मी... मी बसले होते?"

"हो ना. डोक्यावरून पदर घेऊन."

वृंदानं पंजाबी ड्रेस घातला होता. ओढणीसुद्धा घरी सोफ्यावर राहिली होती.

वृंदानं दिवा परत लावला. बाहेर आकाशात तारे दिसायला लागले होते.

पुण्याची माणसं आली, सिपोराबाईंना घेऊन गेली. चार-आठ दिवसांत भाच्यानं वस्तू भरल्या, घराला कुलूप लागलं. खुर्ची आतच राहिली. टेम्पोत जागा उरली नाही, असं तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी वृंदा स्वयंपाकघरात कणीक मळत होती. जुई आतल्या खोलीत झोपलेली.

आतून आवाज आला...

कर्रर्र.

वेत करकरल्याचा. जड माणूस सावकाश टेकतं, तसा.

तिच्या घरात वेताची एकही वस्तू नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, लाल रंगाच्या.

पिठाच्या हातांनी ती धावली. खोलीत कुणी नव्हतं. खोबरेल तेलाचा वास मात्र भरून राहिला होता. पलंगाशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची होती. दुपारी ती गॅलरीत होती, वृंदाला पक्कं आठवत होतं.

तिनं बैठकीवर हात ठेवला.

गरम.

सकाळी जुईनं डोळे उघडले आणि आधी खुर्चीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आई, ती अजून उठली नाही."

"कोण गं? सिपोआजी?"

जुईनं मान हलवली. नाही.

त्या दिवसापासून पोर झोपायला लागली. आधी शाळेतून आल्यावर. मग शाळेत. मग जेवताना घास तोंडात ठेवून. घाटीच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं, मोठ्या खाजगी दवाखान्यात दाखवलं. रक्त चांगलं, डोकं चांगलं, सगळं चांगलं. "अशक्तपणा आहे," डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी पाचोडहून अंगारा आणला. खालांनी दुआ फुंकून दम केलेलं पाणी पाजलं. भाच्याला फोन केला तर तो बिचारा घाबरला. "वहिनी, आमच्यात असं काही नसतं हो. आत्या कुठून काय बोलायची, देव जाणे."

मग वृंदा स्वतःच जुईच्या पलंगाशेजारी बसायला गेली. त्याच लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर, मुद्दाम. बसली आणि ताडकन उठली. मग तिनं मला फोन केला.

"शालू, मी कुणाच्या तरी मांडीवर बसले."

तिनं घरातल्या सगळ्या खुर्च्या भंगारवाल्याला दिल्या.

शनिवारी आवाज आला. पलंगाच्या कडेचा.

मी माघात तिच्याकडं गेले, माझं बाळ घेऊन. तेव्हा हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. जुई भिंतीकडं तोंड करून झोपलेली. तिच्या शेजारी गादीला खड्डा पडलेला. कुणी बसल्यावर पडतो तसा. मी हात फिरवून चादर सपाट केली. हात काढला... आणि खड्डा परत पडला. सावकाश.

त्या खड्ड्याच्या शेजारी घडी घातलेला रुमाल होता. लाल बदकाचा. तो घरात सापडल्यापासून अक्कानं त्याला जाळलं होतं, दोनदा.

जाताना मी खालांना गाठलं. त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "मेरी अम्मी सांगायची. पोलीस ॲक्शनच्या दहा-बारा साल नंतरची गोष्ट. सिपोराबाईची सास गेली. ही जवान. हिला बसवलं होतं. अंदर बच्ची रोई, तो ये उठ के गई. पानी पिलाने. बस, उतनाच."

"मग?"

"बच्ची सोने लगी."

फोटोतली रिबीनवाली मुलगी. ती झोपाळू होती...

"किती दिवस, खाला?"

त्यांनी माझ्या बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दार लावून घेतलं.

मी सिल्लोडला परत आले. अक्का तेव्हापासून जुईजवळून हललेली नाही. जमिनीवर बसते, पोरीचा हात धरून. नोकरी नाही, झोप नाही. दाजी समजावून थकले. मी फोनवर एकदा म्हटलं, "अक्का, ते उठतंच नाही म्हणतात, मग तू बसून काय होणार?"

ती म्हणाली, "माहीत नाही गं. पण ते बसलंय आणि मी बसले नाही, असं कसं चालेल?"

एवढं सगळं मी आज दुपारी लिहून ठेवलं होतं. शेवट काय करावा सुचत नव्हतं, म्हणून पेजवर टाकलं नव्हतं. कारण शेवट झालाच नव्हता.

आज शनिवार आहे.

आत्ता, दिवे लागले तेव्हा, अक्काचा फोन आला. तिचा आवाज अगदी शांत होता. इतका शांत आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

"शालू, आवाज आला."

"बसल्याचा?"

"नाही. उठल्याचा."

मला एक क्षण आनंद झाला. खरंच सांगते, आनंद झाला. मी ओरडले, "मग जुई? जुई उठली का?"

तिकडं चादर ओढल्यासारखा आवाज झाला.

"अक्का? जुई कशी आहे?"

"मी आता हिच्याजवळ बसते," ती म्हणाली. "हिला एकटं सोडायचं नाही."

फोन कट झाला. तेव्हापासून लागत नाही.

दाजी वाळूजला शिफ्टमध्ये आहेत, फोन गेटवर जमा असतात. सासूबाई पाचोडला नवस बोलायला गेल्यात. खालांकडं फोन नाही. माझे मिस्टर गावाला. मी सिल्लोडमध्ये एकटी, बाळ झोपलंय. मी एका हातानं टाईप करतेय. दुसरा हात बाळाच्या अंगावर आहे, तो मी काढणार नाही.

या पेजवर संभाजीनगरचे खूप लोक आहेत, मला माहीत आहे. पदमपुऱ्याकडचं कुणी असेल तर कृपा करून जा. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, निळं गेट. अक्का एकटी आहे. ती किती वेळ बसेल? तिला पाणी प्यायला तरी उठावंच लागेल. त्याच्या आत कुणीतरी पोचा. तिच्याजवळ बसा.

आणि एक करा. खिडकीतून कुणी पाठ करून बसलेलं दिसलं, तर आहे वृंदा, असं समजून परत फिरू नका. नीट बघा.

माझी बहीण डोक्यावरून पदर घेत नाही.